खोलीचा आवाज

बाइंडर काकांना निवृत्त व्हायला चार महिने उरले होते आणि आता त्यांना एकाच गोष्टीची काळजी होती. ती म्हणजे लेकीच्या घरातली मागची खोली.

कॉलेजच्या लायब्ररीमागे पत्र्याच्या छपराची बाइंडिंगची खोली होती आणि तिच्यामागे कर्मचाऱ्यांची घरं. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत बावीस पावलं. तेहतीस वर्षं काकांनी ती इमानेइतबारे मोजली होती. निवृत्तीच्या दिवशी घराची किल्ली कार्यालयात जमा करायची होती. लेक म्हणाली होती, "बाबा, कुठं खोली शोधत हिंडू नका. मागची खोली रिकामी करून ठेवते." जावयाने त्यावर तोंड वाकडं केलं नव्हतं, पण सरळही ठेवलं नव्हतं. "या की. फक्त ती पुठ्ठे चिकटवायची खळ घरात शिजवू नका, म्हणजे झालं. मेलेल्या उंदरासारखा वास येतो," एवढंच तो म्हणाला. काका हसले. ज्याच्या घरी जाऊन राहायचं त्याच्या विनोदाला हसावं लागतं, हे ते आतापासूनच शिकत होते.

माणूस तसा कोणाच्या अध्यात ना मध्यात. फाटकं पुस्तक आलं की उसवायचं, फर्मे म्हणजे घडीच्या पानांचे जुडगे नीट लावायचे, शिवायचं, पुठ्ठा चढवायचा. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली ते शिकले, त्याने एकच दंडक घालून दिला होता. बाइंडरने पानांचे आकडे बघायचे, मजकूर वाचायचा नाही. वाचायला लागला की हात थांबतो आणि खळ वाळते. काकांनी हजारो पुस्तकं बांधली, एकही वाचलं नाही. मुलं त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे डिंक्या. एकदा कामाला चिकटले की सुटत नाहीत, म्हणून. काकांना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं.

बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. मागच्या दारच्या पायऱ्यांवरून ती घसरून पडली, डोक्याला लागलं, आणि त्या वेळी काका न्हाव्याच्या दुकानात होते. लेकीला हे असं सांगितलं होतं. तिने ते तसंच धरून ठेवलं होतं.

त्या वर्षी माध्यम विभागाच्या मुलांना गटागटाने पंधरा मिनिटांची फिल्म करायची होती. एका गटाने रहस्यपट घ्यायचं ठरवलं. गटात तिघं होती. दिग्दर्शन करणारी मुलगी, जिला सगळे कटबाई म्हणत, कारण ती जेवतानाही कट म्हणायची. कॅमेरा सांभाळणारा लांबू. आणि आवाज टिपणारा, कानावरचं यंत्र कधी न काढणारा हेडफोन. खिशात दमडी नसल्यामुळे त्यांना फुकटची जागा हवी होती, फुकटचं सामान हवं होतं आणि फुकटचा माणूस हवा होता. बाइंडिंगच्या खोलीत तिन्ही एकाच दारामागे मिळाले.

"काका, तुमच्याकडे हे एवढं मोठं पातं आहे आणि आम्ही इतके दिवस बाहेर शोधत होतो," कटिंग मशीनकडे बघत लांबू म्हणाला.

"हात लावू नकोस. बोटं मोजून घरी जायचंय ना?"

"बघितलंस?" कटबाई हेडफोनला म्हणाली. "साधं वाक्य. पण अंगावर काटा आला की नाही?" मग काकांकडे वळून अगदी लाडीगोडीने, "काका, आमच्या फिल्ममध्ये काम कराल? संशयिताचं."

"म्हणजे चोर?"

"चोर नाही हो. लोकांना वाटतं तुम्ही केलंय. एक मुलगी प्रबंध बांधायला देऊन जाते आणि नाहीशी होते. सगळे तुमच्यावर डोळा ठेवून. शेवटी कळतं की तुम्ही निर्दोष. खरा गुन्हेगार ग्रंथपाल."

"ग्रंथपाल कोण होणार?"

"मी," लांबू म्हणाला. "मिशी लावून."

"मग लोकांना पहिल्या मिनिटालाच कळेल," काका म्हणाले, आणि तिघंही हसली. काकांनी एका कागदावर सही केली. फिल्ममध्ये दिसणाऱ्या प्रत्येकाची असली सही घ्यावी लागते, असं कटबाई म्हणाली. कागदावर काय लिहिलं होतं ते त्यांनी सवयीप्रमाणे वाचलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन केला. "निर्दोष असतो मी," असं त्यांनी दोनदा सांगितलं.

तीन आठवडे त्या खोलीत धमाल चालली. रक्त हवं होतं. काकांनी डिंकात लाल शाई घालून असं रक्त करून दिलं की लांबू दोन पावलं मागे सरला. कॅमेरा सरकवायला गाडी नव्हती; कार्यालयातली चाकांची खुर्ची आणली, लांबूला तीत बसवलं आणि काकांनी ढकलत नेलं. दिव्याचा उजेड डोळ्यांवर येत होता. काकांनी त्यावर अस्तराचा पातळ कागद चिकटवून दिला. कटबाई म्हणे, "काका, काही करू नका, फक्त काम करा." आणि काका नुसतं काम करत. मान खाली, हाडाच्या पट्टीने घडी दाबत जायचं, एकसारखी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते बघून हेडफोनसुद्धा एकदा म्हणाला, "डिंक्या खतरनाक दिसतो यार," आणि काका तिथेच आहेत हे ध्यानात येऊन त्याने जीभ चावली.

"असू दे," काका म्हणाले. "निर्दोष आहे ना शेवटी."

एक गोष्ट मात्र त्यांना नवी होती. प्रत्येक जागचं काम संपलं की हेडफोन सगळ्यांना गप्प बसवायचा. पंखा बंद, फोन बंद, हलायचं नाही. एक मिनिट.

"हे कशासाठी?"

"खोलीचा आवाज घ्यायला. प्रत्येक खोलीचा असतो, काका. कोणी बोलत नसलं तरी असतो. तो दोन संवादांच्या मध्ये भरावा लागतो, नाहीतर भोक पडल्यासारखं वाटतं."

काकांना ते लगेच पटलं. पुस्तकाला मागे-पुढे कोरं पान लावावंच लागतं, त्यातलाच प्रकार. त्यांनी मनाशी एक खूणगाठ बांधली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की चित्र घेतात आणि ते छोटं काळं यंत्र टेबलावर ठेवलं की शांतता घेतात. बोलणं घ्यायचं असेल तर लांब दांड्याचा माईक धरतात. तीन कामांना तीन हत्यारं, जशी त्यांची स्वतःची होती. शांतता घेणाऱ्या यंत्रात बोलणंही जातं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी लांबू कॅमेरा पिशवीत भरून ग्रंथपालाची मिशी परत करायला गेला. हेडफोनने काळं यंत्र टेबलावर ठेवलं, तिघं गप्प बसली. मिनिट झालं. हेडफोन कानावरचं यंत्र गळ्यात सरकवून पाणी प्यायला बाहेर पडला. काळं यंत्र तसंच टेबलावर राहिलं.

"काका, तुम्हाला गप्प बसायला किती छान जमतं," कटबाई म्हणाली. "बाकी सगळ्यांना खोकला येतो, नाक खाजतं. तुम्ही म्हणजे भिंत."

"सवय आहे."

"कसली?"

काकांनी हातातली हाडाची पट्टी उलटीसुलटी केली. "ही नवी आहे," ते म्हणाले. "जुनी माझ्या गुरूने दिलेली होती. बायकोने त्या पट्टीने करपलेलं पातेलं खरवडलं. मोडली. मी काही बोललो नाही. बोललोच नाही मग. अकरा दिवस."

"अकरा दिवस अबोला? एका पट्टीवरून?"

"ती आधी बोलेल असं म्हणून मी, आणि मी आधी बोलेन असं म्हणून ती."

"मग? कोण बोललं आधी?"

सहा वर्षांत हा प्रश्न काकांना कोणी विचारला नव्हता, कारण अकरा दिवसांचं कोणाला ठाऊकच नव्हतं. समोर वीस वर्षांची परकी पोर होती, चार दिवसांनी ओळखही दाखवणार नव्हती. लाल दिवा नव्हता. पंखा अजून बंद होता. कटबाईने टेबलाकडे एकदा पाहिलं, हातातली वही तिथेच उघडी टाकली आणि खुर्ची पुढे ओढून बसली. काकांना वाटलं, पोरगी वही बाजूला ठेवून ऐकायला बसली.

"तीच," ते म्हणाले. "रविवार होता. मी पुढच्या खोलीत एक वही शिवत होतो. मागच्या दारी काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग तिने हाक मारली. अहो म्हणून. दोनदा. मी ऐकलं. मला वाटलं, आली ना वाटेवर. आता येऊ दे इथवर चालत. मी उठलो नाही. हातातलं काम पुरं केलं, दोरा कापला, गाठ मारली. मग गेलो. तोवर ती थंड पडत होती."

"किती वेळाने?"

"अर्धा तास. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. मी म्हटलं, घरी नव्हतो, न्हाव्याकडे गेलो होतो." पट्टी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "मीच मारलं म्हणायचं तिला. हात न लावता."

कटबाईने त्यांच्या हातावर हात ठेवला. काकांना खूप हलकं वाटलं. मग हेडफोन ढेकर देत आत आला आणि तिने वही उचलली.

फिल्म दाखवण्याचा कार्यक्रम सभागृहात दुपारी तीनला होता. काका लेकीला आणि जावयाला घेऊन पुढून तिसऱ्या रांगेत बसले. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा. लेक कानाशी लागून म्हणाली, "बाबा, खोलीला पडदे कुठले लावू? निळे की पिवळे?"

"तुला आवडतील ते."

"सासरेबुवा हिरो झालेत. आता त्यांना पडदे नकोत, रेशमी झालर हवी," जावई म्हणाला.

दिवे गेले. पडद्यावर बाइंडिंगची खोली आली, खुर्चीवरून सरकणारा कॅमेरा, अस्तराच्या कागदातून आलेला पिवळट उजेड. मुलगी प्रबंध देऊन गेली, नाहीशी झाली. मिशीवाला ग्रंथपाल आला तेव्हा सभागृहात खसखस पिकली. काका मान डोलावत होते. आता बारावं मिनिट, आता तेरावं. आता ग्रंथपालाच्या टेबलाचा खण उघडणार.

खण उघडलाच नाही. पडद्यावर काका होते, मान खाली घालून पट्टीने घडी दाबत, आणि वरून त्यांचाच आवाज आला. कोणी शिकवून म्हटलेला नाही. घोगरा, थांबत थांबत आलेला. *मागच्या दारी काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग तिने हाक मारली. दोनदा. मी ऐकलं. मला वाटलं, आली ना वाटेवर.* पातं खाली आलं. *हातातलं काम पुरं केलं.* डिंकाचं रक्त पुठ्ठ्यावरून ओघळलं. *तोवर ती थंड पडत होती. मीच मारलं म्हणायचं तिला. हात न लावता.* पडदा काळा झाला, पण आवाज संपला नाही. पूर्ण अर्धं मिनिट खोलीची शांतता ऐकू येत राहिली. त्याच मिनिटातली, भिंतीसारखी.

कोणी खोकलं नाही. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उभं राहून विचारलं, हा नट कुठून मिळवलात, आणि लांबूने ओरडून बोट दाखवलं. सगळं सभागृह वळलं. दोन-चार मुलं चेष्टेने हात जोडून "काका, आम्हाला सोडा" म्हणाली. काकांना एकच गोष्ट दिसत होती. कटबाईने ती उघडी वही टेबलावर कशावर टाकली होती, ते.

लेकीचा हात त्यांच्या मनगटावर होता. तो केव्हा उचलला गेला, त्यांना कळलंही नाही.

जावई पहिल्यांदाच मोकळेपणी हसत होता. "काय काम केलंत. मी तर घाबरलो. मागच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी लेक एकटी बाइंडिंगच्या खोलीत आली. स्टूल पुढे केलं तरी बसली नाही. भिंतीवरच्या हत्यारांकडे बघत बोलली.

"ते त्यांनी लिहून दिलं होतं ना, बाबा?"

काकांनी खळीचा ब्रश पाण्यात बुडवला.

"लिहून दिलेलं तुम्ही म्हटलंत. फिल्ममध्ये तसंच असतं. हो ना?"

ती स्वतःच दार उघडून धरत होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरलं असतं. निळे पडदे, पिवळे पडदे, सगळं तिथेच होतं. काकांनी तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "त्या दिवशी संध्याकाळी मी आले तेव्हा तुमचे केस वाढलेले होते. कानांवर आलेले. मी बघितलं होतं. मी म्हटलं, दुकान बंद असेल." आणि पुढे, "सहा वर्षं मीच म्हणतेय, दुकान बंद असेल."

काकांचा हात नकळत कानावरच्या केसांकडे गेला.

"दोनदा हाक मारली आईने?"

एवढ्यावर भागलं असतं. पण तेहतीस वर्षं पानांचे आकडे मोजणारा माणूस. आकडा चुकीचा पुढे जातोय हे त्यांना सोसेना.

"तीनदा," ते म्हणाले. "तिसरी हळू होती. तिसऱ्यांदा अहो म्हणाली नाही. नाव घेतलं माझं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा."

लेकीने मान हलवली, जशी दुकानात भाव ऐकल्यावर हलवतात. "त्या खोलीत आम्ही सामान ठेवतोय," ती म्हणाली. "तुम्ही दुसरीकडे बघा." दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि फोन करू नका. वाजला तर मला ऐकू येईल. मी उचलणार नाही. मग मी पण तुमच्यासारखी होईन."

काकांनी तरीही फोन केला, रोज, दोन आठवडे. वाजायचा आणि थांबायचा. मग त्यांनी सोडून दिलं.

निवृत्तीला दहा दिवस राहिले असताना कटबाई आली. हातात सुट्या पानांचा गठ्ठा. गटाला पहिला क्रमांक मिळाला होता. आता पटकथेसकट प्रकल्प-अहवालाच्या तीन प्रती विभागाला द्यायच्या होत्या. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.

"रागावलात का हो काका?" ती म्हणाली. "मी विचारणार होते तुम्हाला. खरंच. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो. म्हटलं असतं."

"आणि शेवट इतका पडलेला होता. लांबूची मिशी बघितलीत ना तुम्ही? आमचं वर्ष गेलं असतं. तुमची सही होती, म्हणून." तिने घड्याळ पाहिलं. "तुमचं कौतुक किती झालं, माहीत आहे? परीक्षक म्हणाले, असा आवाज नाटकवाल्यांनाही काढता येत नाही."

"कोण वाचणार हे?"

"कोणी नाही. विभागाच्या कपाटात जातं. उद्या मिळेल?"

"बस. आत्ता करून देतो."

त्यांनी पानं लावायला घेतली. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. बेचाळिसाव्या पानावर हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बांधायला आलेला मजकूर वाचला. डाव्या बाजूला *बाइंडर* असं लिहिलेलं, पुढे दोन टिंबं, आणि पुढे त्यांची वाक्यं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. तिन्ही प्रतींमध्ये 'दोनदा'वर बारीक रेघ मारली आणि वर, छापल्यासारख्या अक्षरांत, 'तीनदा' लिहिलं.

कटबाई खांद्यावरून बघत होती. "अहो काका, हे काय? खोडा ते."

"चुकलं होतं. मीच चुकीचं सांगितलं होतं तुला."

"असेल. पण फिल्ममध्ये दोनदाच आहे. अहवाल आणि फिल्म तंतोतंत जुळायला लागतात, नाहीतर मार्क कापतात." तिने टेबलावरचं खोडरबर उचलून त्यांच्यापुढे धरलं. "द्या, मी खोडू?"

"नको," काका म्हणाले. "पान फाटेल तुझ्याकडून."

त्यांनी रबर घेतलं, तिन्ही पानं एकेक करून पुसली, फुंकर मारली, खळीचा ब्रश उचलला. पुढचा आकडा त्रेचाळीस होता.